नऊ वाजताचा थेंब आणि माधानचे महाराज

रात्रीचे नऊ वाजले की आमच्या घरी एक काम ठरलेलं असतं. टीव्हीवरची मालिका ऐन रंगात आलेली असो, पाहुणे बसलेले असोत की लाईन गेलेली असो, माझ्या पुतणीच्या डोळ्यांत औषधाचा थेंब पडायलाच हवा. ती मान मागे टाकते, खालची पापणी बोटाने जराशी ओढते, एक थेंब टाकते आणि डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरते. मग पाच मिनिटं थांबायचं आणि दुसऱ्या बाटलीतला थेंब. गेली आठ वर्षं हे रोज चाललंय. दिवाळी असो की घरातलं लग्न, सुट्टी नाही. माझ्या पुतणीला काचबिंदू आहे.

मैत्रिणींनो, काचबिंदू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काठी टेकत चालणारी आजी येते. मलाही तसंच वाटायचं. बारा वर्षांच्या पोरीला काचबिंदू झालाय, असं अमरावतीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी त्यांना वेड्यासारखं विचारलं होतं, की तुम्ही मोतीबिंदू तर म्हणत नाही ना? मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ऑपरेशन केलं, नवं भिंग बसवलं की दिसायला लागतं. काचबिंदूचं तसं नाही. त्यात गेलेली नजर परत येत नाही. उरलेली तेवढी सांभाळायची असते.

आमचं गाव इंझोरी. वाशीम जिल्ह्यात, मानोरा तालुक्यातलं. सोयाबीन, तूर, कपाशी पिकवणारी माणसं. डोळे दुखले, कान दुखला तर आधी घरचा उपाय, मग दुकानातून आणलेलं औषध, आणि तेवढ्यानं भागलं नाही तरच कारंजा नाही तर अमरावती. माझ्या पुतणीचे डोळे दर उन्हाळ्यात खाजायचे, लाल व्हायचे. ती चोळून चोळून हैराण व्हायची. माझ्या जाऊबाईंनी कुठल्याशा औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय थेंबांची बाटली आणली. काय गुण आला म्हणून सांगू! दोन दिवसांत डोळे दुधासारखे पांढरे. मग काय, बाटली संपली की दुसरी. पुढच्या उन्हाळ्यात तीच, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातही तीच. नंतर उन्हाळा-हिवाळा काही राहिलंच नाही. जरा खाजलं की थेंब.

त्या थेंबांत स्टेरॉइड होतं. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडे दिवस दिलं तर उपयोगाचं असतं. पण मनाने महिनोन्‌महिने घातलं तर काही जणांच्या, विशेषतः लहान मुलांच्या डोळ्यांतला दाब वाढतो. दुखत नाही, खुपत नाही. म्हणून कळतही नाही.

डॉक्टरांनी आम्हाला सोपं करून सांगितलं. डोळ्याच्या आत एक पातळ पाणी सतत तयार होतं आणि एका बारीक जाळीतून सतत बाहेर जातं. मोरीची जाळी तुंबली तर पाणी साचतं ना, तसंच हे. पाणी साचलं की डोळ्यातला दाब वाढतो. हा दाब साधारण दहा ते एकवीसच्या दरम्यान असतो. पुतणीचा त्याच्या दुपटीच्या जवळ गेला होता. या दाबाने मागची शीर सुकत जाते, आणि डोळ्याने पाहिलेलं मेंदूपर्यंत नेणारी शीर तीच. नजर जाते ती आधी कडेकडेची जाते. समोरचं दिसतच राहतं. म्हणूनच पोरीला फळा दिसत होता, आणि बाजूला ठेवलेला पाण्याचा गिलास मात्र लवंडत होता. चौकटीला खांदा आपटत होता. आम्ही तिला धांदरट म्हणत होतो. मीही म्हणत होते. ते आठवलं की आजही माझ्या पोटात कालवतं.

तिच्या डाव्या डोळ्याला आता मधल्या खिडकीएवढंच दिसतं. उजवा बराचसा वाचला. गावातल्या लोकांनी प्रेमानेच सुचवलं, की नेत्रदानातला डोळा बसवून घ्या. पण नेत्रदानात मिळालेलं पुढचं पारदर्शक पटल तेवढं बसवता येतं. मागची सुकलेली शीर कोणालाच बदलता येत नाही.

आता माधानच्या महाराजांकडे येते.

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराजांच्या भक्त. वऱ्हाडात हे नाव माहीत नाही असं घर विरळाच. नातीचे डोळे असे झाल्यावर त्या रोज तिला जवळ घेऊन महाराजांची गोष्ट सांगायच्या. महाराजांना डोळे नव्हते तरी त्यांना सगळं दिसायचं, पुस्तकाला नुसता हात लावला की आतलं कळायचं, असं. त्यांना वाटायचं, नातीला धीर येईल. एके दिवशी पोरगी हळूच म्हणाली की महाराज देवाचे होते, त्यांना आतले डोळे होते, मला तर तेही नाहीत. आणि कूस बदलून झोपून गेली.

मला त्या रात्री झोप आली नाही. धीर द्यायला सांगितलेली गोष्ट पोरीच्या डोक्यावर आणखी एक ओझं होऊन बसली होती. आधी डोळे कमी, आता चमत्कारही कमी! मी ठरवलं की महाराजांचं चरित्र आपण स्वतः वाचायचं आणि तिलाही वाचून दाखवायचं. वेळही आयता मिळाला. दोन थेंबांमधली ती पाच मिनिटं. रोज पाच मिनिटं, असं करत आम्ही ते चरित्र कित्येक महिने वाचलं. त्यातलं जे आमच्या मनात राहिलं ते तुम्हाला सांगते.

६ जुलै १८८१ हा महाराजांचा जन्मदिवस. अमरावतीकडचं लोणी टाकळी हे त्यांचं आजोळ. तिथे ते जन्मले. वडील गोंदुजी मोहोड, चांदूर बाजारकडच्या माधान गावचे. आई अलोकाबाई. घर कुणब्याचं, शेतीवाडीचं. बाळाचं नाव गुलाब. बाळ जेमतेम नऊ महिन्यांचं असेल, डोळ्यांत चुकीचं औषध घातलं गेलं आणि दोन्ही डोळे गेले.

इथवर वाचलं आणि भांडी आवरत असलेल्या माझ्या जाऊबाई तिथेच खाली बसल्या. त्यांना रडू आवरेना. महाराजांना काचबिंदू नव्हता, त्यांच्या डोळ्यांचं कारण वेगळं. पण मायेने आणलेलं औषध आणि त्यानेच गेलेली नजर, एवढं तर सारखंच होतं. अलोकाबाईंच्या जिवाला काय वाटलं असेल, हे त्या क्षणी आमच्या घरात जाऊबाईंइतकं कोणाला कळलं असेल? अलोकाबाईंना पुढे फार आयुष्यही मिळालं नाही. गुलाब चार वर्षांचा असताना त्या गेल्या. मग आजीने त्याला लोणी टाकळीला आपल्याजवळ ठेवून घेतलं. आयुष्याची पुढची सहाएक वर्षं त्याने आजोळीच काढली.

तो काळ डोळ्यांपुढे आणून पाहा. खेड्यात डोळ्यांचा डॉक्टर कुठला? मध, तूप, पाल्याचा रस, कोणी सांगेल ते डोळ्यांत घातलं जायचं. आंधळ्या मुलाने शिकावं कुठे? भारतातली अंधांची पहिली शाळा १८८७ साली निघाली ती अमृतसरला. मुंबईत अशी शाळा निघायला १९०० साल उजाडलं. बोटांनी वाचायची लिपी लुई ब्रेलने फ्रान्समध्ये १८२४ च्या सुमारास तयार केली होती. पण आपल्या भारतीय भाषांसाठी सगळ्यांना एकच अशी भारती ब्रेल ठरली १९५१ साली. म्हणजे गुलाबच्या हाती ना पाटी, ना लिपी, ना शाळा. त्याला शिकायला एकच दार उघडं होतं, ते कानाचं.

आणि त्या काळच्या वऱ्हाडी खेड्यात कानावर काय काय पडत होतं! पहाटे जात्यावरच्या ओव्या, देवळात भजन, रात्री पोथी, एखादं कीर्तन. डोळस मूल ऐकता ऐकता इकडेतिकडे बघतं, खेळायला पळतं. या मुलाने ऐकलेलं साठवलं. लहानपणीच तो ध्यानात तासन्‌तास बसायचा, असं त्यांचे भक्त सांगतात. त्याचा आवाका पाहून गावातली मोठी माणसंही चकित होत.

पुढे तो माधानला आला, मोठा झाला आणि त्याच मुलाने वेद, उपनिषदं, दर्शनं, योग, आयुर्वेद, संगीत अशा विषयांवर लिहिलं. मराठीत लिहिलं, संस्कृतात सूत्रं रचली, हिंदीतही पदं केली. डार्विन आणि स्पेन्सर या विलायती विद्वानांच्या मतांवर आपली मतं मांडली. आर्य बाहेरून भारतात आले हा त्या काळी सगळीकडे शिकवला जाणारा विचार त्यांना मान्य नव्हता. तेही त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलं. नावंग नावाची एक नवी भाषा तयार केली, एक लघुलिपीही बसवली. लहानमोठे मिळून सव्वाशेच्या वर ग्रंथ! आणि आयुष्य मिळालं किती, तर चौतीस वर्षांचं.

हे वाचताना मी थांबले. कारण पुतणीने एक प्रश्न विचारला. तिने विचारलं की काकू, मग त्यांना वाचून कोण दाखवायचं? आणि लिहून कोण घ्यायचं?

खरं सांगते, बी.ए. झालेय मी, पण हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. आपण म्हणतो, महाराजांनी सव्वाशे ग्रंथ लिहिले. पण त्यातली एक ओळसुद्धा त्यांनी स्वतःच्या हाताने कागदावर उतरवलेली नाही. ते सांगत गेले आणि दुसऱ्या कोणीतरी लिहून घेतलं. त्यांनी जो ग्रंथ अभ्यासला तो आधी कोणीतरी मोठ्याने वाचला. एकदा वाचला, समजला नाही तर पुन्हा वाचला. घसा बसेपर्यंत वाचला. भक्त म्हणतात की महाराजांना हाताच्या स्पर्शाने पान कळायचं. कळत असेलही, ती श्रद्धेची गोष्ट आहे. माझ्यासारख्या बाईला मात्र कंदिलाच्या उजेडात बसून त्यांच्यासाठी वाचणारी माणसं दिसायला लागली. दिवसभर वावरात राबून आलेली, आपली रात्र एका आंधळ्या मुलाला देणारी.

महाराज कुठेही निघाले की ग्रंथांच्या पेट्या बरोबर असायच्या. मला ही गोष्ट फार आवडते. ज्याला अक्षर दिसत नाही, तो माणूस पुस्तकांच्या पेट्या बैलगाडीत, रेल्वेत घेऊन हिंडतो! कारण त्याला खात्री असते की वाचून दाखवणारं माणूस जवळ आहे. ती खात्री नसती तर त्या पेट्या नुसतं ओझं झाल्या असत्या.

आणखी एक गोष्ट आहे. हा मुलगा कुणब्याचा. त्या काळी वेदान्तावर कोणी बोलावं, संस्कृत कोणी शिकावं याचे नियम कडक होते. त्यात हा डोळ्याने अधू, शाळेचं तोंड न पाहिलेला. तरी शास्त्री-पंडित त्यांच्याशी चर्चा करायला बसत. १९०१ साली, विशीच्या आतच, त्यांना संत ज्ञानेश्वर माउलींचा अनुग्रह झाला, माउलींनी स्वतः मंत्र दिला, अशी त्यांची आणि भक्तांची श्रद्धा आहे. तेव्हापासून ते स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवू लागले. मुलगा नव्हे, माउलींची मुलगी! श्रीकृष्णाला त्यांनी पती मानलं. १९०५ पासून कात्यायनी व्रत केलं. कपाळी कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, असे सौभाग्याचे अलंकार ते घालत. त्यांच्या या भक्तीच्या मार्गाला मधुराद्वैत म्हणतात.

हे वाचल्यावर आमच्या घरात एकदम शांतता. मग पोरगी खुदकन हसली आणि म्हणाली की लोक काय म्हणाले असतील! मी म्हटलं, म्हणाले असतीलच. पण लोक हसतील म्हणून त्यांनी आपल्या मनाची गोष्ट लपवली नाही. पोरीने काही उत्तर दिलं नाही. शाळेत काळा चष्मा लावायला ती कुरकुरायची. त्या उन्हाळ्यात मात्र मुकाट्याने लावून गेली.

मैत्रिणींनो, या ठिकाणी माझ्या मनात आणखी एक बाई उभी राहते. तिचं नाव मनकर्णिका. १८९६ साली तिचं महाराजांशी लग्न झालं. नवरा पंधरा वर्षांचा, तीही लहानच. शेतकऱ्याच्या घरातली डोळस मुलगी एका न दिसणाऱ्या मुलाच्या घरात आली. पुढे तो मुलगा महाराज झाला. दारात भक्तांची रीघ, पुस्तकांचा ढीग, चर्चा, प्रवास. आणि नवरा स्वतःला श्रीकृष्णाची पत्नी म्हणवतो, तिच्यासारखंच मंगळसूत्र घालतो. आपण चूल सांभाळणाऱ्या बायका. आपल्याला तिच्या संसाराची कल्पना करायला पुस्तक लागत नाही. ताटात काय वाढलंय आणि कुठल्या बाजूला वाढलंय, पाण्याचा तांब्या कुठे आहे, उंबरा कुठे आहे, हे न बघणाऱ्या माणसाला रोज सांगणारं घरात कोणीतरी लागतंच. महाराजांचा जयजयकार करताना मनकर्णिकाबाईंचं नाव आपण सहसा घेत नाही. मी आता घेते. आत्याबाईंना आधी ते जरा विचित्र वाटलं, पण आता त्याही घेतात.

२० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यात महाराजांनी देह ठेवला. अवघं चौतिसावं वर्ष चालू होऊन संपलं होतं. त्यांचं काम तिथे संपलं नाही, त्याचं कारणही पुन्हा माणसंच. त्यांचे शिष्य बाबाजी महाराज पंडित आणि इतर भक्तांनी त्यांचं लेखन जपलं, छापून लोकांपुढे आणलं. ज्या मुलाच्या हाती पाटी आली नव्हती, त्याच्या ग्रंथांनी आज कपाटं भरलेली आहेत.

चरित्र वाचून झालं त्या दिवशी पुतणी म्हणाली की मला आतले डोळे नाहीत, पण तू आहेस ना वाचायला. मला एकदम भरून आलं. चमत्काराच्या गोष्टीने जे जमलं नव्हतं ते या वाचणाऱ्या माणसांच्या गोष्टीने जमलं. त्यात तिला आपल्यासाठी जागा दिसली.

तेव्हापासून आमचं घर बदललं. तिचा उजवा डोळा लवकर थकतो. मग इतिहासाचे धडे मी वाचते, तिच्या वडिलांनी मोबाइलवर ते आवाजात भरून दिले, धाकटा भाऊ गणितं वाचून सांगतो. ती ऐकता ऐकता पाठ करते. पहिल्यांदा आम्हाला वाटलं आपण तिच्यावर उपकार करतोय. पण आत्याबाईंना लिहिता-वाचता येत नाही, त्याही तिच्या शेजारी बसून ऐकायला लागल्या. आता शिवाजी महाराजांच्या आग्र्याहून सुटकेचा धडा त्यांना नातीपेक्षा जास्त पाठ आहे. बोर्डाच्या परीक्षेला तिला जादा वेळ मिळाला. ज्यांची नजर फारच कमी आहे, त्यांना लिहून घेणारा लेखनिकही मिळतो. त्यासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढावं लागतं. शाळेत लवकर विचारा, परीक्षेच्या आठवड्यात धावपळ करू नका. आज ती वीस वर्षांची आहे, कॉलेजात जाते. दर काही महिन्यांनी दाब तपासायला अमरावतीला जातो. एक ऑपरेशनही झालं, पाणी जायला नवी वाट करून देणारं. कधी दाब चांगला येतो, कधी चढतो. चढला की त्या दिवशी परतीच्या एस.टी.त आम्ही दोघी फारसं बोलत नाही. हे आयुष्यभराचं आहे, हे आम्हाला माहीत आहे.

बचत गटाच्या निमित्ताने मी गावोगाव जाते तेव्हा आता हे सगळीकडे सांगते. तुम्हालाही सांगते, कारण डोळ्यांत औषध घालणारा हात बहुतेक वेळा आपलाच असतो.

लेकराचे डोळे दुखले, खाजले तर चिठ्ठीशिवाय थेंब आणू नका. शेजारणीच्या मुलाला गुण आला म्हणून तीच बाटली आपल्या मुलाला घालू नका. डॉक्टरांनी जितके दिवस सांगितलं तितकेच दिवस घाला. मध, अंगावरचं दूध, काजळ डोळ्यांत घालू नका. तान्ह्या बाळाचे डोळे टपोरे, मोठे दिसले की आपण हरणासारखे डोळे म्हणून कौतुक करतो. पण डोळे वाजवीपेक्षा मोठे असतील, बुब्बुळ धुरकट दिसत असेल, सारखं पाणी येत असेल, उजेडात बाळ डोळे मिटून घेत असेल, तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. काचबिंदू जन्मतःही असू शकतो, आणि वेळेवर ऑपरेशन झालं तर नजर वाचू शकते. अंगणवाडीत, शाळेत तपासणीचं पथक येतं त्या दिवशी मुलांना घरी ठेवू नका. घरात एकाला काचबिंदू असेल तर सख्ख्या बहीण-भावांनी, मुलांनी दाब तपासून घ्यावा. चाळिशी उलटलेल्या आपण बायकांनीही. चष्म्याचा नंबर काढताना डॉक्टरांना एवढंच म्हणायचं, की दाबही बघा आणि मागची शीरही बघा. आणि ज्याला रोजचे थेंब लावून दिलेत, त्याने बरं वाटलं म्हणून ते बंद करायचे नाहीत. काचबिंदूत बरं वाटणं आणि वाईट वाटणं हे आतल्या दाबाला काही कळत नाही.

अलोकाबाईंजवळ यातलं काहीच नव्हतं. १८८२ सालच्या त्या खेड्यात त्यांना विचारायला कोणी नव्हतं, न्यायला दवाखाना नव्हता. त्यांना दोष कसा द्यावा? माझ्या जाऊबाईंनाही मी दोष देत नाही. त्यांनीही लेकीच्या भल्यासाठीच केलं. त्या अजून कधीमधी स्वतःला बोल लावतात. तेव्हा पोरगीच आईला समजावते आणि बाटली पुढे करून म्हणते की आई, आज तू घाल. चुकलेल्या थेंबांची भरपाई रोज एका बरोबर थेंबाने करायची, असं त्या मायलेकींनी आपसात ठरवलेलं दिसतं.

हे लिहितेय आणि घड्याळात नवाला पाच कमी आहेत. आज थेंब घालायची पाळी जाऊबाईंची आणि वाचायची माझी. पुस्तकात खूण कुठे घातली होती, ते आत्याबाईंनाच विचारते. त्यांना अक्षर येत नाही, पण गोष्ट कुठवर आली होती हे त्यांना बरोब्बर ठाऊक असतं.